एकच रकाना

सोलापुरात भाषा शिकायला कुणी शाळेत जात नाही. गल्ली बदलली की ती आपोआप बदलते. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटावर चढलेली तेलुगू, भाजीच्या पाटीशी घासाघीस करायला कन्नड, रिक्षात बसलं की दखनी, आणि या सगळ्यांकडून थोडंथोडं उसनं घेऊन निवांत बसलेली आमची मराठी. एवढ्या गजबजाटात एक इंग्रजीच काय ती कुणाच्या ओट्यावर सांडलेली नाही. माझ्या भाचीने मात्र परदेशात जाऊन नेमकी तीच शिकवायचं ठरवलं.

भाची आमच्याच विद्यापीठाची एम. ए. 2004 साली एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं आजचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. ते अर्जाच्या चौकटीत मावेना. ‘पुण्यश्लोक’ला जागा दिली की सोलापूर बाहेर राही. इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं प्रमाणपत्र तिने घरबसल्या मिळवलं होतं. पण पुढचा रकाना अवघड निघाला. मातृभाषा, आणि लिहायला जागा एकाच भाषेची. तिची आजी कन्नड, शेजार तेलुगू, घर मराठी. वडील म्हणाले, “इंग्रजी लिहून मोकळी हो, कोण बघायला येतंय?” त्यावर आईचा चेहरा असा झाला, की जणू जन्मदाखल्यावर आईच्या जागी दुसऱ्याच बाईचं नाव घालायला निघालेत. भाचीने मराठी लिहिलं. मग नकार येऊ लागले, तेही इतक्या गोड इंग्रजीत की दोनदा वाचल्याशिवाय नकार आहे हे उमगत नसे.

चीनचा दरवाजा तर आधीच बंद होता. तिथे हे काम करायला साधारणपणे इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशाचं नागरिकत्व लागतं. हे कळलं त्या संध्याकाळी मी भैय्या चौकातल्या डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकावरून चालत घरी आलो. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथेच चिनी शिकला, आणि पुढे वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवू लागला. 1942 च्या डिसेंबरात, बत्तीसाव्या वर्षी, तो तिथेच गेला. त्याचा पहिला तास कसा झाला असेल, याचा मी उगीच विचार करत राहिलो. चिनीत सूर चुकला की अर्थ बदलतो. एखाद्या शिकाऊ पोराने ओठ दाबून हसू आवरलं असेल, आणि मग हळूच योग्य सूर सांगितला असेल. मातृभाषेचा रकाना त्या धामधुमीत कुणाला सुचला असेल, असं वाटत नाही.

इंग्रजी ज्याची मातृभाषा त्यानेच ती शिकवावी, असं म्हणतात. खरं तर मला उलटंच वाटतं. इंग्रजीतला ‘द’ कुठे लावायचा आणि कुठे गिळायचा हे ज्याला पाळण्यातच कळलं, तो ते दुसऱ्याला सांगणार कसं? भाचीने तो रात्र रात्र घोकलाय. तिला त्याचा मनापासून राग आहे, आणि एवढा राग असल्याशिवाय व्याकरण शिकवू नये, असं माझं मत आहे. कुणी विचारलेलं नाही, ते सोडा.

शेवटी व्हिएतनाममधल्या एका शिकवणी केंद्राने तिचा नमुना तास बघायचं कबूल केलं. दिवाणखान्यात मोरांची सोलापुरी चादर टांगून तिच्यापुढे ती उभी राहिली. पडद्यावर एक दाढीवाले गृहस्थ पाच वर्षांचं बाळ होऊन बसले होते. ती उड्या मारून सफरचंद दाखवी आणि ते चुकून केळं म्हणत. कोपऱ्यात घेवडा निवडणाऱ्या आजीला राहवेना. “एवढा घोडा झाला, अजून फळं ओळखता येईनात बिचाऱ्याला,” ती कळवळून म्हणाली, “शिकव गं त्याला नीट.” ते वाक्य पलीकडेही ऐकू गेलं असावं, पण बाळ मराठी नसल्याने निभावलं.

नोकरी मिळाली. चौकशीला आलेल्या हवालदारांनी चहा घेता घेता विचारलं, “इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला? मग इंग्लंडला काय शिकवायला जातात?” यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिचा फोन येतो तेव्हा इकडे भाकरी तव्यावर असते आणि तिकडे तिचा घसा बसलेला. परवा सांगत होती, वर्गात फार गोंधळ झाला तेव्हा तिच्या तोंडून गेलं, “सिट डाउन बे!” पोरं तत्काळ बसली. शिवाय त्यांना तो शेवटचा भाग इतका आवडला की आता ती ‘गुड मॉर्निंग बे’ म्हणतात आणि निघताना तिच्या हाताला लोंबकळून ‘थँक यू बे’ म्हणतात. केंद्राच्या व्यवस्थापकाने तिला बाजूला घेऊन विचारलं, हे नेमकं कुठलं रूप?

“मग तू काय सांगितलंस?” मी म्हटलं.

“आदरार्थी आहे म्हटलं, मामा.”