टिक केलीय ना?

मुलुंड पश्चिमेला एलबीएस रोडवरच्या काचेच्या इमारतींत पोट भरणाऱ्या प्रत्येकाला तो चौकोन ठाऊक आहे. सेटिंग्जच्या तिसऱ्या खिडकीत लपलेला, शेजारी आश्वासन लिहिलेला: प्रॉक्सी आपोआप शोधू. प्रॉक्सी म्हणजे ऑफिसातून इंटरनेटकडे जायचं मधलं दार. आयटीचा मुलगा फोन उचलला की नाव विचारायच्या आधी तेच विचारतो, "सर, टिक केलीय ना?" केलीय बाबा. संगणक टेबलावर आला तेव्हापासून केलेलीच आहे. शोध अजून चालू आहे.

ब्राउझर मजेत चालतो. त्यात क्रिकेटचा स्कोअर दिसतो, साड्यांचा सेल दिसतो. त्याच टेबलावरचं, त्याच वायरीवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र म्हणतं, "इंटरनेट जोडणी तपासा."

आता हा शोध लागतो कसा, ते ऐका. यंत्र आधी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला विचारतं, पर्याय क्रमांक 252 मध्ये काही लिहून ठेवलंय का? तिथं कुणी काही लिहिलेलं नसलं की नेटवर्कात पुकारा करतं, "डब्ल्यूपीएडी नावाचं कुणी आहे का हो इथं?" आणि जो "मी" म्हणेल त्याच्या मागे निघतं. ओळखपत्र बघायची पद्धत नाही. नाशिकहून माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यानं मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे उतरून "जकात कुठे भरायची?" असं ओरडावं, आणि पानटपरीवर पहिला हात वर करणाऱ्याच्या हाती ट्रकची किल्ली द्यावी, तसं हे. जुन्या काळी तर हा ट्रकवाला फारच उत्साही होता. शाखेत कुणी भेटलं नाही की मुख्य कार्यालयात विचारायचा, तिथंही नाही भेटलं तर पत्त्यातला एकेक तुकडा गाळत कंपनीच्या गेटाबाहेर जाऊन विचारायचा, आणि बाहेर उत्तर द्यायला टपून बसलेले कमी नव्हते. जकात 1 जुलै 2017 ला गेली, छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये गेला. पण नाका होता तेव्हा निदान दिसायचा तरी! रांग लागायची, पाटी असायची, पावती मिळायची, शिव्या कुणाला घालायच्या ते कळायचं.

प्रॉक्सी शोधायच्या या पद्धतीचा मसुदा 1999 चा. त्याची मुदत संपली, त्याचं प्रमाणित नियमात रूपांतर कधी झालंच नाही, तरी जग त्यावर चाललंय. (आपल्या सोसायटीचे पार्किंगचे नियमही असेच आहेत, पण ते असो.) शिवाय उत्तर मिळालं तरी भागत नाही. हाती येते ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली फाइल. कुठल्या पत्त्याला कुठल्या दारानं जायचं, हे कळण्यासाठी हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं आधी जावास्क्रिप्ट चालवायला शिकायचं. ब्राउझरला ती येते. बाकीच्यांतले कित्येक चौकोन दाखवतात, टिक घेतात आणि गप्प बसतात.

इथपर्यंत हसून सोडून देता येईल. पण मला संताप येतो तो 407 चा. प्रॉक्सी बिचारी काही लपवत नाही. 407 हा आकडा पाठवून ती स्वच्छ सांगते, "मी आहे, आधी ओळख दाखव." सॉफ्टवेअरला ते ऐकू येतं. कळतं. आणि तरीही ते पडद्यावर लिहितं, "इंटरनेट जोडणी तपासा"! अरे, जोडणी नसती तर 407 आलं असतं कुठून? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या आळशीपणापायी पन्नाशीची बाई टेबलाखाली शिरून वायर हलवते, साहेब तिलाच विचारतात, "तुम्ही काही दाबलंत का?" आणि आयटी सांगतं, तक्रार पोर्टलवर नोंदवा. पोर्टल उघडतंच, कारण ते ब्राउझरात आहे. मग उत्तर येतं, "ब्राउझर चालतोय म्हणजे नेट चालू आहे. तक्रार बंद." त्यातच पासवर्ड बदलायची तारीख उलटते. सॉफ्टवेअर जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा प्रॉक्सीच्या तोंडावर फेकत राहतं आणि खातं कुलूपबंद होतं ते त्या बाईंचं, सॉफ्टवेअरचं नव्हे.

आयटीवाल्यांनो, एक विनंती. प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रिंटरच्या वरच्या भिंतीला चिकटवा. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनो, तो पत्ता हातानं भरायला एक रिकामी ओळ ठेवा आणि 407 आलं की 407 म्हणा. शोधायचं आमचं आम्ही बघू.