निवेदक क्रमांक सात

लालबागच्या आमच्या चाळीत अनोळखी माणूस शिरला की दोनच शक्यता. गणपतीचे दिवस असले तर तो राजाची रांग कुठे संपते ते विचारतो. एरवी आला आणि खांद्याला झोळी, हातात रेकॉर्डर असला, तर काही न विचारता त्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवायचं. अप्पांकडे.

अप्पा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. अप्पाही नाहीत. पुढे त्यांनी वॉचमनकी केली, भाजी विकली. पण मन रमलं ते साठीनंतर, मुलाखती देण्यात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा इतिहास कामगारांच्याच तोंडून घेतला, २००४ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक आलं. नावातच शंभर आवाज. "शंभर घेतले नि या गॅलरीतला एक नाही?" हे अप्पांचं जुनं दुखणं. तेव्हापासून त्यांनी एकही विद्यार्थी हातचा जाऊ दिलेला नाही.

त्यांच्या मुलाखतीला कीर्तनासारखा पूर्वरंग असतो, आणि त्यात प्रश्न अप्पा विचारतात. गाव कुठलं? आजोबा काय करायचे? कोण गिरणीत होतं का? प्रबंधासाठी आलेल्या पोरीने आपल्या घरातलं काही सांगितलं तरच उत्तररंग. नाहीतर चहा, आणि 'पुन्हा कधीतरी या'.

"कामाला कधी लागलात?"

"कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या अगोदरच्या शिमग्याला. बदलीवर."

पोरगी हळूच मोबाइलवर भूकंप शोधते. डिसेंबर १९६७. हिशेब दरवेळी जुळतो.

जुळत नाही ते वेगळंच. १९७० च्या जूनमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, त्या रात्री अप्पा कधी तिसऱ्या पाळीला असतात, कधी भारतमाता थिएटरात शेवटचा खेळ बघत, कधी गावी भावाच्या लग्नात. मी एकदा टोकलं. म्हणाले, "त्या रात्री कुठे होतो हे खरं सांगायची सवय गिरणगावात होती कुणाला?" पोरीने हे वाक्य लिहून घेतलं असतं तर तिचं एक प्रकरण तिथेच झालं असतं. पण ती तेव्हा बॅटरी बदलत होती.

साच्याचं मात्र तसूभर बदलत नाही. साचा सांगताना अप्पा बसत नाहीत. खाटेची दांडी पुढ्यात घेतात, धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून दाखवतात, तुटलेला तार चिमटीत पकडून गाठ मारतात, आणि खात्यातल्या गोंगाटात बोलल्यासारखे नुसते ओठ हलवतात. वीस मिनिटं! रेकॉर्डरवर उतरतं ते "हे असं... मग हे... कळलं?" प्रबंधात पुढे कंसात 'शांतता'.

त्या प्रबंधाला पदवी मिळाली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची प्रत अप्पांनी देवांच्या फळीवर ठेवली.

मग गिरणी कामगारांच्या घरांचा अर्ज भरायची वेळ आली. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, सगळं २६ जुलैच्या पावसात गेलेलं. कचेरीतल्या साहेबाने पुरावा मागितला. अप्पांनी निळा ग्रंथ टेबलावर ठेवला. साहेबाने सभ्यपणे पानं उलटली.

"यात तुमचं नाव कुठाय?"

नाव नव्हतं. 'निवेदक क्रमांक सात' होता. नाव गुप्त ठेवायच्या कागदावर सही अप्पांनीच केलेली, न वाचता, 'पोरीचं काम अडायला नको' म्हणून. गिरणीतला तिकीट नंबर त्यांना आजही पाठ आहे. तोही छापताना गाळलेला.

परवा आणखी एक मुलगी आली. अप्पांनी तिला दारातच थांबवलं.

"नाव, गिरणी आणि तिकीट नंबर छापणार असशील तर आत ये, बाय. नाहीतर राजाची रांग खाली आहे."