रस्तेवाले वकीलसाहेब

हिंजवडीला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला परभणीत आला की पहिल्या दिवशी चकल्या संपवतो आणि दुसऱ्या दिवशी माझी वकिली सुधारायला घेतो. या खेपेला त्यानं सोबत 'नीश' आणला होता.

"मामा, तुम्ही सगळंच करता, म्हणून मुद्दाम तुमच्याकडं कुणी येत नाही. एकच काम धरा. बाकीच्यांना सरळ नाही म्हणायचं."

नाही म्हणायचं, आणि तेही परभणीत! इथं पक्षकार खुर्ची ओढता ओढता आधी सासुरवाडीकडून नातं काढतो, मग पिशवीतून कागद काढतो. सकाळी फारकत, दुपारी न वटलेला चेक, संध्याकाळी जातपडताळणीचा अर्ज, आणि मधल्या वेळात पीकविम्याची पावती वाचून देणे, ही आमची प्रॅक्टिस. पावती वाचायची फी मागितली तर माणूस आपल्या तब्येतीची चौकशी करतो.

तसं पाहिलं तर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं अख्खा महाराष्ट्र आमच्याबद्दल म्हणतोच. दुसरीकडं कुठंच न जमलेल्यांचं गाव! एवढा नेमका नीश पुण्याच्या एखाद्या सल्लागारानं काढून दाखवावा. फक्त अशा गिऱ्हाईकाकडून फी वसूल होत नाही.

भाच्यानं तोवर मोबाइलवर पाटी तयार करून टाकली होती : 'शेतजमीन वादांचे तज्ज्ञ'. मी त्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वाचून दाखवला. वकिलानं जाहिरात करायची नाही, पाटी बेताची ठेवायची आणि आपण अमुक कामात विशेष तरबेज आहोत असं तिच्यावर लिहायचं नाही. म्हणजे नीश असला तरी तो पोटात ठेवायचा. २००८ मध्ये दुरुस्ती होऊन वेबसाइटवर कामाचं क्षेत्र सांगायची मुभा मिळाली, हे कळल्यावर भाचा खुर्चीतून उठलाच. मी म्हटलं, "बाळा, पालमकडच्या माणसाचा बांध कुणी कोरला तर तो वेबसाइट बघत नाही. तो आधी कुऱ्हाड बघतो, आणि घरच्यांनी ती लपवलेली असली तर तहसीलसमोरच्या चहावाल्याला गाठतो. वकील कोण करायचा, ते चहावाला सांगतो."

नियम ३६ चहावाल्याला लागू नाही.

खरं तर आवारातल्या प्रत्येकाला गावानं कधीच वाटून टाकलंय. कुणी फारकतवाले, कुणी अपघातवाले, कुणी विहिरीवाले. मानवत-सेलूकडं सीए जिनिंगवाला होतो, कारण २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसाचा जीएसटी घेणाऱ्या कारखान्यानं भरायचा असतो आणि ते गणित मालकांना स्वतः करायचं नसतं. यातलं कुणीही कागद-पेन घेऊन नीश निवडायला बसलेलं नव्हतं.

आमच्या ओळखीतल्या एका वयस्क गृहस्थांचंच घ्या. त्यांना निजामाच्या काळातलं उर्दू महसुली दप्तर वाचता येतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला आणि त्या दिवसापासून या विद्येचा भाव उतरत गेला. इनाम जमिनीचा एखादा जुना मुंतखब आलाच तर चहापाणी सुटायचं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना न्यायला दारात जीपगाड्या उभ्या राहू लागल्या. पंचाहत्तर वर्षं मंदी आणि मग एकदम जीप, ही योजना भाच्याच्या लॅपटॉपात कुठं बसते ते त्यानं मला सांगितलं नाही.

माझ्या वाट्याला शेतरस्ता आला. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडा, माणसाची चप्पलही परत मिळत नाही. सोयाबीन काढून पडलेलं, वर ढग, आणि चुलतभावानं वाटेत बाभळीची काटी टाकलेली. सोनपेठकडची अशी एक वाट मी मोकळी करून दिली आणि चहावाल्यानं माझं बारसं केलं : रस्तेवाले वकीलसाहेब. त्या नावावर मग कामं आली, तशी गंगाखेडच्या रस्त्यानं कंबर धरली म्हणून दाद मागायला एक जण आला, आणि एकाला माझ्याकडून ड्रायव्हिंग लायसन हवं होतं.

या नीशमध्ये कायदा थोडा आणि भावकी फार. निकाल रस्त्याचा लागतो, पण भांडण असतं कुठल्याशा लग्नात न मिळालेल्या आहेराच्या टोपीचं. टोपीला कलम नाही, म्हणून तहसीलदार स्थळपाहणी करतात. पुढं दोघं भाऊ एक झाले की दोघंही मला ओळख दाखवत नाहीत. मध्यंतरी, जानेवारी २०२३ मध्ये, सरकारनं 'सलोखा' योजना आणली. एकमेकांची शेतजमीन १२ वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात असेल तर १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फीत अदलाबदल. माझी झोप उडाली. मग लक्षात आलं की त्यासाठी दोन्ही शेतकऱ्यांनी एकाच कागदावर राजीखुशीनं सही करायची असते. झोप परत आली.

भाचा पुण्याला गेला. जाताना त्यानंही हळूच विचारलं, "मामा, बाबांच्या शेताकडं जायची वाट काकांनी अडवलीय, काय करता येईल?"

त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. मुळात रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. अर्ज दोन्हीकडं तहसीलदारांकडंच, सोबत सातबारा आणि नकाशा. फक्त कलम ५ खाली जायचं असेल तर रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा, आणि त्यातले पाच महिने कुऱ्हाड शोधण्यात घालवू नका.