गुरुवारचे गुलाब

बँकॉकला चाललोय असं सांगणाऱ्या मराठी माणसाकडे लोक क्षणभर निरखून बघतात. तो पुरुष असेल तर ‘एकटाच?’ हा प्रश्न ओठांवर येतो, आणि शेजारी त्याची बायको उभी असेल तर तसाच गिळला जातो. मग सल्ले सुरू होतात. बॅगा अमुक बाजारात घ्या, घासाघीस कराच, पाणी बाटलीतलंच प्या, सोबत चिवडा असू द्या. चिवड्याचं खरं आहे. पण त्या शहरात आपली किती मंडळी राहतात, ते मात्र कुणी सांगत नाही. महाराष्ट्र मंडळाचं म्हणत नाही मी. ब्रह्मदेव, मारुती, गणपती, रावण, गरुड, ऐरावत ही मंडळी. सुवर्णभूमी विमानतळावर तर परतीच्या वाटेवर समुद्रमंथन चाललेलं असतं, आणि देव-दानव वासुकीला ओढत असताना चहूबाजूंनी चॉकलेटं आणि अत्तरं विकली जात असतात. काही पिढ्यांपूर्वी घर सोडून गेलेल्या चुलत घराण्याकडे उतरावं, तसं मला त्या शहरात होतं. नाकडोळे अगदी आपले, पण रीतभात निराळी. आणि आपल्या घरी जी गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती तिथे दिवाणखान्यात टांगलेली.

पहिलं ठिकाण अर्थातच राजवाडा. 1782 साली पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, नदीच्या या काठावर राजधानी आणली तेव्हाचा. सकाळी साडेआठला उघडतो, दुपारी साडेतीनला तिकिटं बंद होतात, तेव्हा लवकर जावं. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीशी एखादे अत्यंत सभ्य, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ भेटतील आणि मनापासून हळहळत सांगतील, की आज काही विशेष पूजा आहे, वाडा बंद आहे. पण हा टुकटुकवाला तुम्हाला दुसरी देवळं स्वस्तात दाखवेल. ती देवळं बहुधा रत्नांच्या दुकानापाशी संपतात. त्यांना नमस्कार करून पुढे चालू लागावं. गृहस्थही हात जोडून, जराही राग न धरता, मागून येणाऱ्या कुटुंबाकडे वळतात. इतक्या शालीनतेने खोटं बोलणारा माणूस पाहायलासुद्धा खरं तर तिकीट असायला हवं.

आत शिरलं की राक्षसांच्या उंचच उंच जोड्या गदा रोवून पहाऱ्याला उभ्या असतात, आणि त्यांत हिरव्या अंगाचा, तोंडावर तोंडं रचलेला साक्षात दशानन असतो. आपल्याकडे दसऱ्याला ज्याचे पुतळे जाळतात, तो इथे बुद्धाच्या मंदिराची राखण करतो. नोकरीत कधी चुकला असेल असं वाटत नाही. सभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांतून रामायण पसरलेलं आहे. तिथल्या लोकांचं रामायण, रामकियेन. त्यातला मारुती पांढराशुभ्र, देखणा आणि भलताच रंगेल. सेतूचे दगड समुद्रात पडताच मासे ते पळवून नेतात, म्हणून हा पाण्यात बुडी मारतो, तर माशांची म्होरकी निघते रावणाचीच मुलगी, सोनेरी मत्स्यकन्या. भांडण सुरू होतं, आणि संपतं तेव्हा पाळणा हलतो. शनिवारी रुईच्या पानांची माळ घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला हे पचायला अंमळ वेळ लागतो. पण मग आठवतं, की मकरध्वज नावाचा मुलगा आपल्याही मारुतीला आहेच. आपण ते प्रकरण घामाच्या एका थेंबावर निभावून नेलं, इतकंच. तालमीतल्या मारुतीची अब्रू राखण्यासाठी आपल्या पूर्वजांनी केवढी धडपड केली असेल, या विचाराने मला त्यांच्याविषयी अपार माया वाटली.

याच आवारात, उंच सिंहासनावर, पाचूचा म्हणवला जाणारा पण हिरव्या जेडचा बुद्ध आहे. जेमतेम 66 सेंटिमीटरांचा. एवढ्या झगमगाटात तो शोधावा लागतो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे त्याचे तीन पोशाख आहेत, आणि ऋतू पालटला की राजा तो पोशाख बदलवतो. हिवाळ्याचा पोशाख सोन्याच्या जाळीचा, खांद्यापासून खालपर्यंत पांघरलेला. बँकॉकचा हिवाळा म्हणजे आपल्याकडचा बऱ्यापैकी उकाडा. समोरची भक्तमंडळी रुमालाने मान पुसत असतात आणि देव मात्र पांघरूण घेऊन बसलेला. पण हसावं कसं? पंढरपुरात उन्हाळ्यात विठोबाला चंदनाची उटी लागते आणि थंडीत कानपट्टी बांधली जाते. देवाला ऊन लागत असेल, गारठा बाधत असेल, ही काळजी ज्यांना पडली, ती माणसं एकमेकांना कधी भेटली नसतील. भेटली असती, तर लोकरीविषयी बोलत बसली असती.

शेजारीच वाट पो हे देऊळ. तिथला बुद्ध 46 मीटर लांब आहे आणि आडवा पहुडलेला. प्रवासाने पाय मोडून आलेल्या माणसाला त्याचा हेवाच वाटतो. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत, आणि पाठीमागच्या वाटेवर भिंतीला लागून 108 कांस्यपात्रं. वीस बाथ दिले की चिल्लरीने भरलेली वाटी मिळते. एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. टण्, टण्, टण्. जपमाळेचे मणी कुणी रांगेत मांडून ठेवलेत आणि आता आपणच बोटाऐवजी चालायचं, असं काहीसं. शेवटची दहा-बारा पात्रं उरतात तेव्हा भल्याभल्या बँक मॅनेजरांचे चेहरे गंभीर होतात. नाणी पुरणार का? कुणी मागे वळून बघतं, कुणी शेजारच्याच्या वाटीत डोकावतं. निर्वाणाच्या वाटेवरही हिशेब जुळायला हवाच. पडून राहिलेल्याच्या ओठांवरचं हसू मला तेव्हा कळलं.

समोरच्या काठावरचं वाट अरुण चार-पाच बाथांच्या होडीने गाठता येतं. ते जवळून बघावं. लांबून दगडी वाटणारा मनोरा जवळ गेल्यावर फुटक्या चिनी बश्यांचा निघतो. बश्यांच्या पाकळ्या, वाटीच्या काठाचं देठ. अरुणाच्या नावाचं हे देऊळ, आणि त्याचे फोटो काढायला सगळं जग जमतं ते सूर्यास्ताला.

दुपारी कुठेही जाऊ नये. खोलीत पडावं आणि चिवडा खावा.

संध्याकाळी लुंफिनी बागेत मात्र जावं, सहाच्या आधी. बुद्धाच्या जन्मस्थानाचं नाव असलेली ही बाग 1920च्या दशकात सहाव्या रामाने शहराला दिली, आणि तिच्या तळ्याकाठी घोरपडी राहतात. माणसापेक्षा लांब, जिभा लपलपवत, जॉगिंग ट्रॅक आपल्याच मालकीचा असल्यासारख्या आडव्या जाणाऱ्या. संख्या फारच वाढली म्हणून 2016 साली त्यांतल्या काहींना पकडून दुसऱ्या प्रांतात हलवण्यात आलं होतं. आपल्याला घोरपड म्हटली की सिंहगडाचा कडा आणि तानाजीची यशवंती आठवते. इथल्या घोरपडींना चढायला कडा नाही. त्या सुखवस्तू झाल्या आहेत. ठोक्याला सहा वाजले, भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं, की सगळी बाग जागच्या जागी थांबते. धावणाऱ्याचा श्वास फुललेला पण पाय जुळलेले. एरोबिक्सवाल्या बायकांचे हात खाली. आइसक्रीमवाल्याचं मापटं डब्यातच. त्या निश्चल माणसांच्या मधून एक घोरपड, शेपूट डावी-उजवीकडे टाकत, सावकाश तळ्याकडे निघाली होती. तिच्यासाठी कुणी वाट सोडायलाही हललं नाही.

तिथून चालत रात्चप्रसोंगच्या चौकात यावं. वर आगगाडी, खाली गाड्यांचा पूर, आजूबाजूला मॉल, आणि कोपऱ्यावर चार तोंडांचा ब्रह्मदेव. 1956 साली इथल्या हॉटेलचं बांधकाम अपशकुनांनी रखडत होतं, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने याची स्थापना झाली. आपल्याकडे ब्रह्मदेवाच्या वाट्याला किती देवळं? पुष्कर, आणि गोव्यात सत्तरीतलं ब्रह्मकरमळी, आणखी बोटांवर मोजण्याइतकी. इथे त्याला उसंत नाही. झेंडूच्या माळांचे ढीग, लाकडी हत्तींची दाटी. नवस फळला तर नर्तिका नाचवायच्या. जितक्या जास्त नर्तिका, तितका दर जास्त. आपल्याकडच्या देवळात अभिषेक आणि लघुरुद्राची पाटी असते, तसाच चोख कारभार. सृष्टी निर्माण करूनही जो मायदेशी मागे पडला, त्याचं परदेशात असं बस्तान बसलेलं बघून बरं वाटतं.

पण माझा जीव जडला तो जरा पुढे, मॉलच्या अंगणातल्या त्रिमूर्तीवर. जाणकार म्हणतात, मूर्ती मुळात सदाशिवाची. तिथे येणाऱ्या तरुण मुलामुलींना त्याच्याशी कर्तव्य नाही. दर गुरुवारी रात्री साडेनऊला देव खाली उतरून ऐकतो अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि ऐकवायचं असतं ते प्रेमाविषयी. नऊ लाल गुलाब, नऊ उदबत्त्या, लाल मेणबत्ती. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून मुली गुडघ्यांवर बसतात, ओठ पुटपुटतात. शेजारच्याच चौथऱ्यावर गणपती बसलेला, सगळं ऐकू येत असून न ऐकल्यासारखं करणारा. गुरुवार, तीन मूर्ती एकत्र. मराठी माणसाच्या मनात नरसोबाची वाडी, पालखी, पेढे आणि सोवळं असं सगळं एकदम उभं राहतं. आपण दत्तगुरूंकडे वैराग्य मागायला जातो, निदान तसं सांगतो तरी. त्यांच्या या भावकीतल्या दैवताकडे इथली मुलं बॉयफ्रेंड मागतात, आणि दोन्हीकडे रांग लागते.

त्या रात्री गर्दीत एक मराठी जोडपं होतं. काका साठीच्या पुढचे, पायांत मोजे-सँडल, कपाळाला सकाळच्या अष्टगंधाचा पुसट ठिपका. त्यांनी फुलवालीकडून गुलाबांची जुडी घेतली, मुलींच्या रांगेत संकोचून उभे राहिले, आणि फुलं वाहून परत आले. काकू पर्स छातीशी धरून बघत होत्या.

“अहो, तुम्ही कशाला घेतलीत फुलं?”

“गुरुवार आहे ना,” काका म्हणाले.