बारावा गडी

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडाजवळ चहा प्यायचा असेल तर खुशाल प्यावा. पण सगळ्यात भारी सांघिक खेळ कोणता, हा विषय तिथे काढू नये. काढलाच, तर पलीकडच्या बाकावरून आवाज येतो, "कोन म्हन्लं क्रिकेट?" क्रिकेट कुणीच म्हटलेलं नसतं. पण आबांना बोलायला विरोधी पक्ष लागतो आणि तो हजर नसेल तर ते जागेवर तयार करून घेतात.

आबा हे कुणा एकाचं नाव नव्हे. कोपरगावात त्यांना अण्णा म्हणतात, पाथर्डीत नाना. डोक्यावर टोपी, खिशाला पेन आणि पेनाशेजारी शिट्टी. ही शिट्टी त्यांना कुणी दिली, याची नोंद कुठल्याही क्रीडा संघटनेच्या दप्तरात सापडायची नाही.

आबा कारखान्याचे सभासद. विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हापासून या पट्ट्यातला माणूस जगातली कुठलीही गोष्ट सहकाराच्या मापाने मोजतो. आबा खेळही तसेच मोजतात. राबतात किती जण आणि तोटा कुणाच्या नावावर पडतो, एवढंच ते बघतात.

या हिशेबात क्रिकेट पहिल्या फेरीतच बाद. एखादा पोरगा छाती फुगवून म्हणतो, "आबा, आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या वर्ल्ड कपात २१ विकेट काढल्या." आबा शांतपणे विचारतात, "त्यानं काढल्या. बाकीचे धा जन काय करीत व्हते?" मग स्वतःच उत्तर देतात, "उभे व्हते. आन् आपली बॅटिंग आली की नऊ जन खुर्चीत. ह्यो संघ न्हाई, संचालक मंडळ हाये."

कबड्डीवर मात्र त्यांचं मन मोकळं होतं. समोरचा एक टिपला की आपला बाहेर बसलेला एक आत येतो. पडलेल्याला उभं करणारा दुसरा खेळ दाखवा, असं त्यांचं जाहीर आव्हान आहे. टाकळीभानच्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली. ते तीन गुण आबा अजून स्वतःच्या खात्यावर जमा असल्यासारखे सांगतात. त्याच महिन्यात नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली, तेव्हा तर चार दिवस त्यांच्या घरी उसाला पाणी कुणी दिलं, हा वेगळा विषय आहे.

आता वाटेल, आबा कबड्डीवाले. चूक. बाकावर कबड्डी खेळणारा कुणी येऊन बसू द्या, आबा ताबडतोब क्रिकेटकडे जातात. "चंदनापुरीचा अजिंक्य रहाणे इसरला का? अ‍ॅडलेडला ३६ मधी समदा संघ गुंडाळला. कोहली घरी, निम्मे जायबंदी. गड्यानं मेलबर्नला ११२ काढले आन् नव्या पोरांना घेऊन मालिका २-१ नं आनली. याला म्हनत्यात सहकार!" मघाचं संचालक मंडळ कुठे गेलं, असं विचारायची सोय नसते, चहाचे पैसे आबा देणार असतात. निदान तसं ते म्हणाले तरी असतात.

खो-खोचा विषय त्यांना नाजूक जातो, कारण तिथे त्यांचं गणित अडतं. नऊपैकी आठ बसलेले, एक धावतोय. हे चांगलं की वाईट? जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही नेपाळला हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आबांनी निकाल दिलाय: बसलेले कामावरच असतात, फक्त त्यांची पाळी यायची असते. व्हॉलीबॉल ते एका वाक्यात उडवतात. मधे जाळी आहे, अंगाला अंग लागत नाही. तो शेजार झाला, खेळ नव्हे.

पण त्यांचा हुकमाचा एक्का वेगळाच आहे. कबड्डीच्या संघात राखीव धरून १२ गडी, खो-खोत १२, व्हॉलीबॉलमध्ये १२, क्रिकेटमध्येही बारावा असतोच. "आन् १९४२ ला इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात किती जन कोंडले? नेहरू, पटेल, मौलाना आझाद धरून बारा!" यातून नेमकं काय सिद्ध होतं ते कुणी विचारत नाही. मला स्वतःला हा मुद्दा बिनतोड वाटतो.

आबा स्वतः काय खेळायचे? ते श्रोत्यावर अवलंबून. कबड्डीवाल्यांपुढे त्यांचा उजवा गुडघा पकडीत गेलेला असतो, क्रिकेटवाल्यांपुढे डावा, धाव चोरताना. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पण दोन्ही गुडघे अजून 'नगर जिल्ह्याकडून' खेळताना गेलेले आहेत. एकदा एकाने मुद्दाम कुस्तीचं नाव काढलं. हा तर सांघिक खेळच नाही, आता काय बोलतील? आबांनी २०२५ ची वाडिया पार्कवरची महाराष्ट्र केसरी काढली. पंचांच्या निर्णयावरून केवढा गदारोळ उडाला होता. "दोघांची कुस्ती आन् भांडायला आख्खा महाराष्ट्र. आजून किती मोठा संघ पायजे?"

अशा माणसाला जत्रेच्या कबड्डी स्पर्धेत बाहेर ठेवता येत नाही आणि आत घेणंही जड जातं. एका संयोजन समितीने तोडगा काढला: पत्रिकेत 'मार्गदर्शक' म्हणून नाव, व्यासपीठावर खुर्ची आणि हातात घड्याळ. चढाईचे ३० सेकंद मोजायचे, बस. हॅलोजनच्या उजेडात सामना रंगला, तिसरी चढाई सुरू झाली आणि गुणलेखक सहज म्हणाला की आपल्याला बाकी खो-खोच आवडतो. आबा वळले. चढाईवाला पोरगा 'कबड्डी कबड्डी' करत राहिला, मिनिट उलटलं, त्याचा दम संपला, पकडणाऱ्यांना त्याची दया आली. अखेर दोन्ही कर्णधार हातात हात घालून व्यासपीठापाशी आले आणि आबांना बदला, म्हणून एकत्र अर्ज केला.

आबांनी घड्याळ खाली ठेवलं आणि गुणलेखकाकडे विजयी नजरेने पाहिलं.

"बघ. दोनी संघ एक झाले. तुझ्या खो-खोत व्हतं का आसं?"