उशाला विटा, पायथ्याशी सासुरवाडी

वऱ्हाडात खोकला ही खासगी मालमत्ता नाही. गल्ली तो वाटून घेते. अमरावतीत मी फाटकाशी नुसता खाकरलो तरी समोरच्या काकू ओसरीतून विचारतात, "काहून हो भाऊ, अजून गेलाच नाही काय खोकला? कायले त्या इंग्रजी गोळ्या खाता!" उत्तर द्यायच्या आत अद्रक, मिरे, लवंगांचा काढा हजर. पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला साक्षात कुलदैवत.

अकोल्याची सासुरवाडी काकूंच्याही पुढची. ज्येष्ठमध, अडुळसा, बेहड्याची साल झाली. मेव्हण्याने पुदिन्याच्या गोळ्या खिशात कोंबल्या. रात्री दहाला पाटवडीचा तर्रीदार रस्सा, वर 'खोकल्यासाठी' हळद घातलेलं पेलाभर म्हशीचं दूध आणि लगेच गादी. पाठ टेकली रे टेकली की खोकल्याची मैफल सुरू!

डॉक्टरांनी गळा जेमतेम पाहिला आणि जेवणाची वेळ विचारली. खोकला आठ आठवड्यांवर रेंगाळला, तर दमा आणि नाकातून घशात उतरणारी सर्दी यांच्या जोडीने पोटातल्या आम्लावरही संशय घ्यायचा असतो. छातीत जळजळ नसली तरीही. अन्ननलिकेच्या तळाशी झडपेसारखा एक स्नायू असतो. तो सैल पडला की आडव्या माणसाचं आम्ल वरची वाट धरतं. तेलकट जेवण, साईचं दूध आणि पुदिना त्याला आणखी सैल करतात. म्हणजे खोकला घालवायला निघालेली सासुरवाडीच त्याला खाऊपिऊ घालत होती!

नवा उपाय बिनचवीचा निघाला. झोपायच्या तीन तास आधी जेवण, डावी कूस आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. उशांची चळत नको, तिने पोट दुमडतं. विटा फुकट मिळाल्या. बायको तेवढी रोज पहाटे पायथ्याशी घसरलेली सापडते.

खरं पथ्य अकोल्यात. "सातले जेवता? बाप्पा, कोंबड्या तरी झोपल्या काय?" असं म्हणत सासूबाईंनी विज्ञान मान्य केलं. सातला ताट वाढलं, मी जेवलो, त्यांनी कौतुकही केलं. दहाच्या सुमारास भज्यांची परात समोर आली.

"आई, डॉक्टर जेवू नका म्हणाले."

"मंग जेवा कोन म्हनते, जवाईबापू? हा तं नाश्ता हाय!"