आबा, बोटं फुंक!

आमच्या पिढीचं बालमानसशास्त्र दोन वाक्यांत संपायचं. पोर पडलं की 'मुंगी मेली, मुंगी मेली', आणि तरीही भोकाड थांबलं नाही तर 'थांब, बागुलबुवाला बोलावतो'. एवढ्या भांडवलावर आम्ही मुलं वाढवली आणि ती रीतसर नोकरीलाही लागली. त्यामुळे सूनबाईंनी फ्रिजवर रंगीत चेहऱ्यांचा तक्ता चिकटवून 'बाबा, कबीर रडला की त्याला गप्प करायचं नाही, काय वाटतंय ते ओळखायला मदत करायची' असं बजावलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो.

पण निवृत्त माणसाला दुसऱ्याला शिकवायची संधी मिळाली की तो आवरत नाही. मी वाचनालाच लागलो. स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा भाग, म्हणजे कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते म्हणे. म्हणजे ४ वर्षांच्या पोराला 'शहाण्यासारखा वाग' सांगणं म्हणजे नुसता पाया खणलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणं. २०१५च्या 'इनसाइड आउट' या कार्टूनपटात एका मुलीच्या डोक्यात पाच भावना नांदतात: आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस. 'आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगून ठेवलेत, ते शिकवू या', असं मी जेवताना सुचवलं. सूनबाई वाढता वाढता म्हणाल्या, 'रती तेवढी वगळा.'

पहिली परीक्षा तूपसाखरेच्या पोळीने घेतली. कबीरला ती अख्खी हवी होती आणि मी सवयीने तिचे चार तुकडे करून बसलो. 'जोडून दे!' दुसरी पोळी पुढे केली, ती नको. हीच अख्खी व्हायला हवी होती.

मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, असं तज्ज्ञ सांगतात. मी खाली बसलो. बसताना गुडघ्यांनी आपल्या भावना मोठ्याने व्यक्त केल्या.

'कबीर, तुला राग आलाय हं.'

'नाही आला!'

'मग वाईट वाटतंय?'

'नाही!'

'निराशा झाली? हिरमोड? की खट्टू झालास?'

त्याने फरशीवर अंग टाकलं. भावनेला नाव एकदाच द्यायचं आणि मग गप्प जवळ बसायचं, वादळात धडे गिरवायचे नसतात, हे मी वाचलं होतं. पण शब्दकोडी सोडवणाऱ्या माणसाला एका शब्दावर थांबणं जड जातं. शेवटी शब्द संपले म्हणून गप्प बसलो. थोड्या वेळाने तो हुंदके देत मांडीत आला आणि चारही तुकडे चाटूनपुसून खाल्ले. समोरचं मोठं माणूस शांत असलं की पोर त्याच्याकडून शांतपणा उसना घेतं, तो असा.

खरा पेच पुढेच होता. मला उठता येईना. फ्रिजची मूठ धरून जोर लावला, तर दारच उघडलं आणि तक्ता माझ्या डोक्यावर आला. कबीरने निरखून पाहिलं आणि मॅग्नेट जांभळ्या चेहऱ्यावर चिकटवलं. 'आबा, तुला भीती वाटतेय.' निदान अचूक होतं.

मग मी त्याला मेणबत्त्या शिकवल्या. हाताची पाच बोटं म्हणजे पाच मेणबत्त्या. राग आला की एकेक सावकाश फुंकायची. श्वास लांबवून सोडला की हृदयाची धडधड मंदावते, एवढंच त्यातलं शास्त्र. कबीरला हे इतकं पटलं की तो डाळीत कढीपत्ता आला तरी फुंकू लागला. मला गुरुपौर्णिमेची स्वप्नं पडू लागली.

अशातच सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आली. घरी कोणी नव्हतं, म्हणून नातवाला घेऊन गेलो. विषय पार्किंगचा. माझ्या स्कूटरची जागा पाहुण्यांच्या गाडीसाठी काढून घ्यावी, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला आणि माझा पूर्ण तयार झालेला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स जागेवर बसला. मी खुर्चीवरून उठलो (तिथे मात्र गुडघे वाजले नाहीत), उपविधी, सहकार कायदा आणि सेक्रेटरींच्या खानदानाचा उद्धार अशा क्रमाने बोलू लागलो. तिसऱ्या मुद्द्यावर असताना शर्ट ओढला गेला.

'आबा, तू लाल झालायस. बोटं फुंक.'

सभा चिडीचूप. 'आबा, फुंक ना! तूच सांगितलंस.'

गुरूला पर्याय नसतो. भर सभेत मी हात वर धरून अंगठ्यापासून फुंकर मारायला लागलो. कबीर तेवढ्यावर थांबला नाही. तो सेक्रेटरींसमोर जाऊन म्हणाला, 'काका, तुमचे पण कान लाल झालेत.' काका बिचारे खजिनदारांकडे बघत राहिले आणि मग त्यांनीही करंगळी तोंडाशी नेली.

इतिवृत्तात याची नोंद 'सभेने दोन मिनिटे शांतता पाळली' अशी आहे. पार्किंगचा ठराव मात्र बहुमताने मंजूर झाला आणि स्कूटर हल्ली गेटबाहेर असते.